अभ्यासिकेच्या भिंतीवर कोणाची नावं? नेरुळमधल्या एका वादाचं प्रकरण

पार्श्वभूमी

नेरुळमधल्या एका जुन्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत सोसायटी ऑफिसच्या वरची खोली काही वर्षांपूर्वी अभ्यासिका म्हणून उघडली. सकाळी दहावी-बारावीची मुलं, दुपारी एमपीएससी आणि बँकेच्या परीक्षांची तयारी करणारे, संध्याकाळी पेपर वाचायला येणारे ज्येष्ठ. सोसायटीतल्या एका निवृत्त काकांनी दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ या खोलीसाठी देणगी दिली. काकू आयुष्यभर शिक्षिका होत्या. काकांची इच्छा एवढीच, की खोलीच्या लांब भिंतीवर 'जग घडवणारी बारा माणसं' लावावीत, म्हणजे मुलांनी पुस्तकातून मान वर केली की त्यांना काहीतरी मोठं दिसेल.

मॅनेजिंग कमिटीने एका ओळीचा ठराव करून हे मंजूर केलं. कोणती बारा, कोणी निवडायची, चित्रं लावायची की मजकूर, यातलं काहीच ठरावात नव्हतं. पुढचा सगळा गुंता तिथून सुरू झाला.

वाद चांगला पेटल्यावर कमिटीने मला चर्चा चालवायला बोलावलं. मी इतिहास शिकवत आलो आहे आणि सोसायटीचा सभासद नाही, म्हणून दोन्ही बाजूंना चाललो. संबंधित माणसांची ओळख पटेल असे तपशील इथे काढले आहेत.

अडचण

सेक्रेटरी मॅडमनी सोपा रस्ता धरला होता: व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रत्येकाने पाच नावं द्यायची, जास्त मतं मिळतील ती बारा घ्यायची. नावं भराभर आली. छत्रपती शिवाजी महाराज, बाबासाहेब, गौतम बुद्ध, गांधीजी, विवेकानंद, अब्दुल कलाम, आइन्स्टाइन, न्यूटन. इथवर सगळं खेळीमेळीत होतं. मग एका उत्साही सभासदाने मतांची बेरीज करून क्रमवारी टाकली आणि तासाभरात ग्रुपचं वातावरण पालटलं. कोण कोणाच्या वर, कोण खाली, आणि खाली का? माणसं मतांबद्दल बोलत होती, पण दुखावली गेली होती श्रद्धा. दोन कुटुंबं ग्रुप सोडून गेली. ॲडमिनने ग्रुप काही दिवस बंद ठेवला.

त्याच सुमाराला दोन गोष्टी फार शांतपणे पुढे आल्या. एका मुलाने यादीत पैगंबर मुहम्मदांचं नाव दिलं होतं. ते इतिहासाच्या दृष्टीने अगदी रास्त होतं. अशा कोणत्याही गंभीर यादीत ते नाव टाळता येत नाही. त्याचे वडील सेक्रेटरी मॅडमना भेटून म्हणाले, "नाव आलं तर आम्हाला आनंदच आहे ताई, पण चित्र काढू नका. आणि बाकी सगळ्यांची चित्रं आणि इथे एक रिकामी चौकट, तेही बरं दिसणार नाही." दुसरी गोष्ट बारावीतल्या एका मुलीने नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावून विचारली: पहिल्या बारा नावांत एकही बाई का नाही?

दोन्ही प्रश्नांना मतमोजणीत उत्तर नव्हतं. मतमोजणीतून कळतं ते आपण कोणाला मानतो. जगाची घडी कोणामुळे बदलली हे शोधायला दाखले मागावे लागतात, आणि ग्रुपवर दाखला कोणीच देत नव्हतं.

समोर असलेले पर्याय

मी गेलो तेव्हा कमिटीपुढे चार सूचना होत्या. बेत रद्द करून देणगी परत करायची. धर्मसंस्थापक आणि राष्ट्रपुरुष वगळून फक्त शास्त्रज्ञ घ्यायचे. बाहेरून एखादी तयार यादी आणून तशीच लावायची. किंवा यादी इथेच बनवायची, पण मतांवर न ठेवता चर्चेवर.

पहिल्या सूचनेला काका एका शब्दाने बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा पाहून कोणी ती पुढे रेटली नाही. तयार यादीची सूचना मला घातक वाटली. अशा बहुतेक याद्यांत युरोप-अमेरिका ओसंडून वाहते. मुलांनी ती रोज पाहायची म्हणजे आपला इथला कोणी मोजण्यासारखा नव्हताच, असं न बोलता शिकायचं. शास्त्रज्ञांचा पर्याय सर्वांना सोयीचा होता आणि बराच वेळ तोच पक्का होईल असं दिसत होतं. त्याला विरोध एमपीएससीच्या मुलांनी केला. त्यांचं म्हणणं, भांडण नको म्हणून इतिहासातून धर्म आणि राजकारण काढलं तर उरतं ते सामान्य ज्ञानाचं पुस्तक. मला ते पूर्ण पटलं.

शेवटी चौथा पर्याय ठरला. रविवारी सकाळी, चहानंतर, एका वेळी दोन-तीन नावं. नाव मांडणाऱ्याने बाजू मांडायची आणि बाकीच्यांनी उलटतपासणी करायची.

चर्चेचे नियम

तीन प्रश्न फळ्यावर लिहून ठेवले. हा माणूस नसता तर हे काम दुसऱ्या कोणी केलं असतं का, आणि किती उशिरा? त्याच्या कामाचा माग आज नेरुळमधल्या माणसाच्या दिवसात दाखवता येतो का? त्या कामातून झालेलं वाईट काय?

याशिवाय कमिटीने दोन निर्णय आधीच घेतले. भिंतीवर चित्र कोणाचंच नसेल, फक्त मजकूर, तोही कालक्रमाने, क्रमांक न देता. त्या वडिलांनी मांडलेली अडचण अशी सगळ्यांचीच झाली, त्यामुळे कोणालाही वेगळं पाडावं लागलं नाही. दुसरा निर्णय, ज्यांच्या तसबिरी सोसायटीच्या सभागृहात आधीपासून आहेत, म्हणजे शिवाजी महाराज, बाबासाहेब, गांधीजी, सावित्रीबाई, त्यांना या तीन प्रश्नांच्या परीक्षेला बसवायचं नाही. यामागचा हेतू समजण्यासारखा होता, पण त्याची किंमत मोजावी लागली. त्याबद्दल शेवटी.

चर्चा कशी वळत गेली

पहिल्या रविवारी कोलंबस आला. मांडणारा बँकेच्या परीक्षेचा विद्यार्थी होता आणि त्याने सुरुवातच बटाटेवड्याने केली. बटाटा, मिरची, टोमॅटो, मका, शेंगदाणा, काजू, सगळं अमेरिका खंडातून आलेलं. १४९२ च्या आधी आपल्या जेवणातलं तिखट म्हणजे मिरी, पिंपळी आणि आलं. वडापाव, मिसळ, ठेचा, यातलं काहीच नाही. खोलीत एकदम जान आली. एक काकू म्हणाल्या, "म्हणजे उपासाला आम्ही साबुदाण्याच्या खिचडीत घालतो ते दाणे, बटाटा, मिरची सगळं परदेशी?" होय, आणि साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तोसुद्धा.

माग दाखवण्याच्या प्रश्नात कोलंबस पैकीच्या पैकी मार्कांनी पास झाला. पहिल्या प्रश्नाला मात्र अडकला. १५०० साली काब्राल हा पोर्तुगीज दर्यावर्दी भारताकडे निघाला असताना पश्चिमेला सरकत ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला आणि तिथून पुढे कालिकतला आला. म्हणजे कोलंबस घरी बसला असता तरी आठ वर्षांत दोन्ही खंडांची गाठ पडलीच असती. तिसऱ्या प्रश्नावर मुलांनी गुलामगिरी आणि देवीसारख्या रोगांनी तिथल्या मूळ लोकांची झालेली वाताहत मांडली. निर्णय असा झाला, की फलक त्या अदलाबदलीचा करायचा, माणसाच्या नावाचा नाही. घटना प्रचंड मोठी आणि माणूस बदलता येण्याजोगा, हे इथे पहिल्यांदा सगळ्यांच्या लक्षात आलं, आणि पुढच्या प्रत्येक नावाला हा प्रश्न न सांगता विचारला जाऊ लागला.

डार्विनच्या वेळी तो लगेच आला. १८५८ मध्ये वॉलेस या निसर्ग-अभ्यासकाचं टिपण डार्विनच्या हाती पडलं, त्यात उत्क्रांतीचा तोच विचार होता, आणि दोघांचं लिखाण लंडनच्या लिनियन सोसायटीत एकत्र वाचलं गेलं. डार्विन राहिला, कारण पुरावे त्याने वर्षानुवर्षं गोळा केले होते, पण फलकावर वॉलेसही आला. छपाईचा निकाल झटपट लागला. ग्युटेनबर्गच्या सुमारे चारशे वर्षं आधी चीनमध्ये बी शंगने छपाईसाठी अक्षरांचे सुटे खिळे वापरले होते, तेव्हा एका फलकावर दोन नावं. शून्याच्या गणिताचे नियम ६२८ साली लिहून ठेवणाऱ्या ब्रह्मगुप्ताला कोणी हरकतच घेतली नाही.

एडवर्ड जेन्नरची बाजू एका आजींनी मांडली. आजी कधी व्यासपीठावर बोललेल्या नव्हत्या. त्यांनी दंडावरचा पदर सारला आणि देवीच्या लसीचा गोल, दबलेला व्रण मुलांना दाखवला. समोरच्या एकाही मुलाच्या दंडावर तो नव्हता. आजी म्हणाल्या, "आमच्या गावात देवी आली की घरं रिकामी व्हायची. तुम्हाला तो शब्द फक्त देवळाचा माहीत आहे, हेच त्या माणसाचं काम." १४ मे १७९६ ला जेन्नरने जेम्स फिप्स नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला गायीच्या देवीचा द्रव टोचला. १४ जून १८०२ ला तीच लस बगदाद-बसऱ्याच्या वाटेने मुंबईत पोहोचून ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला दिली गेली. भारतातली ही पहिली. ८ मे १९८० ला जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने रोग जगातून संपल्याचं जाहीर केलं. उलटतपासणी झालीच: इंग्लंडमधल्या बेंजामिन जेस्टी या शेतकऱ्याने १७७४ मध्येच घरच्यांना गायीच्या देवीचं टोचलं होतं, आणि आपल्याकडे माणसाच्याच देवीचं टोचणं त्याहून जुनं होतं. पण जेस्टीचं काम त्याच्या अंगणात राहिलं. जेन्नरने प्रयोग केला, लिहिलं, लस वाटली आणि वाटायला शिकवली. माझ्या मते प्रभावाची व्याख्या करायचीच झाली तर ती या फरकात आहे.

मग कंटेनर. हे नाव मांडलं उरणकडे कंटेनर यार्डात नोकरीला असलेल्या एका दादांनी. माल्कम मॅक्लेन कोण हे खोलीत कोणाला ठाऊक नव्हतं. अमेरिकेतला हा ट्रकवाला व्यावसायिक. २६ एप्रिल १९५६ ला त्याच्या 'आयडियल एक्स' जहाजावरून ५८ पेट्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला गेल्या. सुटा माल जहाजात भरायला तेव्हा टनाला ५ डॉलर ८६ सेंट लागत. पेटीने तो खर्च १६ सेंटांच्या आसपास आला. दादांनी खिडकीकडे हात केला. न्हावा शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं ते याच पेट्यांच्या हिशेबाने, आणि पाम बीच रोडवर ज्यांची घरं आहेत त्यांतल्या कित्येकांच्या नोकऱ्या, मालाची ने-आण, गोदामं, कस्टम हाऊसची कामं, सगळं त्या पेटीला बांधलेलं.

वाईट बाजूही दादांनीच सांगितली, कोणी विचारण्याआधी. त्यांचे वडील मुंबईच्या गोदीत हमाल होते. पाठीवर गोणी घेऊन फळी चढायचे. पेटी आली आणि एका जहाजामागे लागणारी माणसांची टोळी क्रेनच्या केबिनमध्ये मावेल एवढी उरली. "बाबांचं काम ज्याने खाल्लं, त्याच्यावर माझं घर चालतं. दोन्ही लिहा." मॅक्लेनचं नाव एकमताने आलं.

खरा पेच: हाबर आणि त्यानंतरचा प्रश्न

रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका मॅडमनी फ्रिट्झ हाबरचं नाव दिलं. १९०९ मध्ये त्याने हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवून दाखवला, कार्ल बॉशने ते कारखान्यात उतरवलं आणि १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओपाऊला उत्पादन सुरू झालं. अलिबागजवळ थळला बनणाऱ्या युरियापर्यंत ही रेघ सरळ येते. आज जगातली जवळपास निम्मी माणसं या खतावर पिकलेल्या अन्नावर जगतात, असा अंदाज आहे. मॅडमनी मुलांना सांगितलं, "तुमच्या स्नायूंतला निम्मा नायट्रोजन कारखान्यातून आलाय." आणि लगेच पुढचं वाक्य: पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ ला, बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर क्लोरीन वायू सोडला गेला, तो याच हाबरच्या देखरेखीखाली.

काका पहिल्यांदा उठून बोलले. "माझ्या बायकोच्या नावाच्या भिंतीवर विषारी वायू सोडणारा माणूस नको." खोलीत कोणी हललं नाही. त्यांना उलट उत्तर देणं कोणालाच शोभलं नसतं.

इथे तीन वाटा होत्या. हाबर काढून टाकायचा. फक्त बॉशचं नाव ठेवायचं. किंवा दोन्ही गोष्टी एकाच फलकावर, एकाच आकाराच्या अक्षरांत लिहायच्या. त्या रविवारी निर्णय घेऊ नये असं मी सुचवलं, आणि ते मानलं गेलं. आठवडाभरात मॅडम काकांच्या घरी जाऊन बसल्या. त्यांनी मनधरणी केली नाही. काकू शाळेत कोणता विषय शिकवत, मुलांना अवघड गोष्टी कशा सांगत, हे विचारलं. पुढच्या रविवारी काका म्हणाले, "ती असती तर म्हणाली असती, मुलांपासून लपवू नका. पण वायूचं आधी लिहा, खताचं नंतर." तसंच ठरलं.

हे मिटतं न मिटतं तोच एका मुलाने विचारलं, "मग हिटलर का नाही? पहिल्या प्रश्नात तो कितीतरी जणांपेक्षा वर येईल." प्रश्न खोडसाळ नव्हता. फलक सन्मानाचा नाही, असं आम्हीच हाबरच्या वेळी म्हटलं होतं. कमिटीने तरीही नाव नाकारलं, आणि कारण दिलं ते असं, की हाबरच्या कामातून तारक आणि मारक दोन्ही निघालं, इथे फक्त संहार आहे. मुलांनी हे विसंगत असल्याचं स्पष्ट सांगितलं. तर्काने पाहिलं तर मुलांचं बरोबर होतं. पण स्मरणार्थ दिलेल्या भिंतीवर ते नाव न लावण्याचा निर्णयही मला योग्य वाटतो. इतिहासाचा वर्ग आणि कोणाच्या आठवणीची भिंत, या दोन जागा एक नाहीत.

निष्पत्ती

वाशीतल्या छपाईवाल्याकडून बारा सनबोर्ड करून आणले. प्रत्येकावर वर्ष, काम, 'हे कोणी दुसऱ्याने केलं असतं का' या प्रश्नाचं दोन ओळींचं उत्तर, आणि तोटा. बुद्ध, येशू, पैगंबर मुहम्मद, कन्फ्युशियस आणि महावीर यांच्यासाठी एक वेगळा लांब फलक: कोणता काळ, कोणता प्रदेश, विचार कुठे कुठे पसरला, आणि बुद्धविचाराच्या संदर्भात सोपाऱ्याला सापडलेला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा. त्यांची उलटतपासणी झाली नाही. बारावीतल्या मुलीच्या चिठ्ठीला उत्तर म्हणून मारी क्यूरी आली, आणि शेवटच्या फलकावर ज्यांची नावं कोणीच नोंदवली नाहीत त्यांची कामं: भाताची लागवड, चाक, सूत, मडकं. त्या मुलीला हे उत्तर अर्धवट वाटतं आणि ती तसं सांगते.

ग्रुप सोडून गेलेल्या दोन कुटुंबांपैकी एक परत आलं. दुसऱ्याला अजूनही वाटतं, की अभ्यासिकेत परक्या नावांची गर्दी झाली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला मुद्दा ठरावाचा. 'जग' म्हणजे किती मोठं वर्तुळ, हे तिथेच लिहायला हवं होतं. शेजारच्या गावठाणातले एक निवृत्त गुरुजी चर्चेला येत. त्यांनी दि. बा. पाटलांचं, नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांच्या नेत्याचं, नाव दिलं. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले, आणि त्या लढ्यातून प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याची योजना आली. गुरुजी म्हणाले, "तुमचा दुसरा प्रश्न नेरुळच्या माणसाचा आहे ना? मग तुम्ही बसलात ती जमीन कोणाची, इथून सुरू करा." त्यांना उत्तर देताना सगळेच चाचपडले. आता खालच्या जिन्यात या जमिनीच्या इतिहासाचा वेगळा फलक होतो आहे, पण तो गुरुजींनी मागितल्यावर होतो आहे. तीन वर्तुळं आधी ठरवली असती, जग, देश आणि ही खाडीकाठची जमीन, तर त्यांना मागावं लागलं नसतं.

दुसरा मुद्दा सभागृहातल्या तसबिरींचा. बाबासाहेब आणि गांधीजी यांना चर्चेतून बाहेर ठेवल्याने भांडण टळलं, पण मुलांचं नुकसान झालं. गांधीजींच्या सत्याग्रहाची पद्धत मार्टिन ल्यूथर किंग यांच्यामार्फत अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या चळवळीत कशी गेली, किंवा मतदानाचा हक्क सर्व प्रौढांना एकाच वेळी देणारी राज्यघटना त्या काळातल्या जगात किती मोठं पाऊल होती, हे तीन प्रश्नांसमोर ठेवून बोलता आलं असतं. दोघंही त्या परीक्षेत उजळून निघाले असते याबद्दल मला शंका नाही. ज्यांच्याबद्दल आदर आहे त्यांच्याबद्दल प्रश्न विचारले की आदर कमी होतो, ही भीती चर्चेच्या सुरुवातीला खरी होती. शेवटच्या रविवारपर्यंत ती उरली नव्हती, आणि तेव्हा निर्णय बदलायला हवा होता.

तिसरं, काकांना पहिल्या बैठकीपासून सोबत घ्यायला हवं होतं. देणगीदार म्हणून त्यांना मानाच्या खुर्चीत बसवलं गेलं आणि काय चाललंय हे त्यांना हाबरच्या दिवशी कळलं.

दर दोन वर्षांनी दोन फलक बदलायचे असा ठराव आता झाला आहे, आणि या वेळी निवडीची पद्धत ठरावातच लिहिली आहे. पहिला अर्ज त्या चिठ्ठीवाल्या मुलीचा आहे: डॉ. दिलीप महालनाबीस, १९७१, पश्चिम बंगालमधल्या बनगावची निर्वासित छावणी, सलाइन संपल्यावर मीठ-साखरेचं पाणी, आणि पटकीने होणारे मृत्यू शेकडा ३० वरून ४ च्या खाली. 'दुसऱ्या कोणी केलं असतं का' या रकान्यात तिने स्वतःच लिहिलं आहे, की ढाक्यात नॅलिन आणि कॅश या डॉक्टरांनी १९६८ मध्येच हे रुग्णांवर तपासून पाहिलं होतं. त्याखाली तिचं उत्तर अजून यायचं आहे. चर्चा गणपतीनंतरच्या रविवारी आहे.